मोहाच्या सावलीचा सौदा

सोलरवाल्याने मला फसवलं, आणि मी माझ्या बायकोला. पहिली गोष्ट मी चौकात, बस स्टँडवर, दुकानात, जो उभा राहील त्याला सांगत आलो आहे. दुसरी आज पहिल्यांदा लिहितो आहे, कारण मृग तोंडावर आला आहे आणि माझ्याकडे आता दुसरा उपाय उरलेला नाही.

माझा धंदा कुलरचा. गडचिरोलीकडच्या जंगलातल्या गावातून चंद्रपूरला आलो तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात पत्रा कापायचो. आज माझं स्वतःचं शेड आहे, स्वतःचा टेम्पो आहे आणि उन्हाळा लागला की या शहरातले लोक देवाआधी मला आठवतात. शाळा कमी झाली, पण भाव करण्यात मला कोणी हरवलं नाही. माझी रीत साधी. समोरचा जे विकतो त्यात आधी खोट काढायची, मग उठून चालायला लागायचं. दारापर्यंत पोचायच्या आत तो हाक मारतोच.

ऊर्जानगरच्या रस्त्याकडचा आमचा प्लॉटही मी असाच घेतला. बायकोने प्लॉट पाहिलाच नाही. तिने पाहिला तो पश्चिमेच्या कोपऱ्यातला मोह, दोघांच्या कवेत न मावणारा.

"हाच घ्या," ती विकणाऱ्यासमोरच म्हणाली. मी तिचा पाय दाबला, पण उशीर झाला होता. मग मी त्या झाडातच खोट काढायला घेतली. मुळ्या पाया फोडतील, फुलांवर माश्या बसतील, आणि फुलं खायला अस्वल येईल ते वेगळं.

"चंद्रपुरात अस्वल येते काय, भाऊ?" तो हसला.

"थर्मलच्या कॉलनीत वाघ येते, मंग अस्वलाले कोन अडवते?"

तो हसता हसता उतरला. त्या झाडाच्या नावावर मी भाव पाडून घेतला आणि मग वीस-बावीस वर्षं त्याच झाडाखाली राहिलो.

घर राखेच्या विटांचं, वर स्लॅब. इथे सगळ्यांची घरं तशीच आहेत. थर्मलची, म्हणजे इथल्या वीजकेंद्राची, राख विटांतही असते आणि दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरही. फरक इतकाच की दुपारी दोननंतर शेजारच्यांचे स्लॅब तव्यासारखे तापायचे, आणि आमच्यावर मोहाची सावली सरकत यायची. मी कुलरवाला असून माझ्या घरात कुलर उशिरा लागायचा. लोक म्हणायचे, याने स्वतःसाठी खास कुलर बनवला असणार. मी तसं समजू द्यायचो, धंद्याला बरं.

आमच्यात मोह तोडत नाहीत. भावाभावांत वाटणी झाली की शेतासारखे मोहही वाटले जातात. घर पडतं, माणसं पांगतात, पण कोणता मोह कोणाचा हे गाव विसरत नाही. आमच्या लग्नाच्या मांडवात मोहाची फांदी होती. फुलांचे दिवस आले की बायको या शहरातही झाडाखालची जागा झाडून, सारवून ठेवायची आणि सकाळी टोपलं घेऊन फुलं वेचायची. शेजारणी हसायच्या, आणि नंतर तिच्याकडूनच वाळलेली फुलं मागून न्यायच्या. मग काही दिवस ती माहेरी जायची, तिथली फुलं वेचायला. मुलगी लग्न होऊन गेल्यावरही हा क्रम तिने सोडला नाही.

चार वर्षांपूर्वी तिला दम लागायला लागला. आधी जिना चढताना, मग भाकरी थापताना. डॉक्टर म्हणाले, धुळीपासून जपा, उन्हापासून जपा, आणि कुलर बंद करा, ती ओली हवा यांना सोसत नाही. तीस वर्षं मी लोकांना जी हवा विकली ती माझ्या बायकोला चालत नव्हती. खोली बंद ठेवा, एसी लावा, असं ते म्हणाले. एसी चालवायचा तर सोलर बसवा, असं सगळे म्हणाले. विजेचाही प्रश्न मिटेल आणि कोळशाचा धूरही तेवढा कमी, हे मला पटलं. ज्या धुराने तिची छाती भरली त्याच धुराची वीज तिच्यासाठी जाळायची, हे मला तसंही टोचत होतं.

तेव्हा सोलरवाला आला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, गोड बोली. त्याने गच्ची पाहिली, झाड पाहिलं, आणि एक कागद काढला. खरं सांगायचं तर तो कागद चांगला होता. त्यात लिहिलं होतं की सोलरचे पत्रे घराच्या स्लॅबवर नको, तिथे सावली आहे. मागच्या शेडवर लोखंडी सांगाडा उभारून त्यावर बसवू. लाईन गेल्यावर चालावं म्हणून बॅटरी. स्लॅबवर ऊन परतवणारा पांढरा थर. तीन ओळी होत्या.

लोखंडाचा भाव वाचून माझं डोकं फिरलं.

"लोखंडाचा धंदा माहा, आन लोखंडाचा भाव तू मले सांगतं? सांगाडा मी बनवतो."

"बनवा ना, भाऊ. पन मंग ग्यारंटी आमची नाई."

मी ती ओळ पेनाने काटली आणि घर माझं असूनही उठून चालायला लागलो. दारापर्यंत पोचलो. त्याने हाक मारली, पण भाव उतरवायला नाही.

"एक बोलू काय, भाऊ? हे झाड नसतं, तर सांगाड्याचा प्रश्नच नोहता."

एवढंच म्हणाला. काप असं तो म्हणाला नाही. आज तो हेच सांगत फिरतो आणि ते खरं आहे. पण वीस वर्षांपूर्वी मी ज्या झाडात खोट काढली होती, त्याच झाडात तो खोट काढत होता. माझीच रीत माझ्यावर चालवलेली मला कळली नाही. उलट मला वाटलं, हा आता नरम पडला. मी परत येऊन बसलो आणि पांढऱ्या थराची ओळ काटली. चुना मी स्वतः लावीन म्हटलं. मग बॅटरीवर बोट ठेवलं.

"हे कायले पायजे?"

"रात्री लाईन गेली तर, भाऊ."

"रात्रीचं मी पाहून घेईन. दिवसा लाईन गेली तर?"

तो हसला. गच्चीकडे हात करून म्हणाला, "दिवसा लाईन गेली तरी सूर्य हाय ना, भाऊ! त्याची लाईन कोन कापते?"

मीही हसलो. बॅटरीची ओळ काटली. खाली सही केली. त्या दिवशी मी तीन ओळी काटून सौदा जिंकला, असं घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं.

बायको तेव्हा माहेरी होती, फुलं वेचायला. सांगाड्याचा खर्च वाचवायचा तर झाड जायला हवं होतं, आणि तेही ती यायच्या आत. मोह असा तोडता येत नाही, परवानगी लागते. मी अर्ज लिहिला: झाड आतून पोकळ आहे, घराला धोका आहे. अर्ज कसा मंजूर करून घ्यायचा हे धंदेवाल्याला शिकवावं लागत नाही. तोडणारे यायच्या आदल्या संध्याकाळी मी बुंध्याला हात लावला आणि म्हणालो, तुझ्या बदल्यात पाच लावीन. मोहाने भाव केला नाही.

दोन माणसं मशीनची करवत घेऊन आली. झाड फुलांवर होतं. करवत लागली तशी फुलं सगळ्या अंगणात पडली, आणि माणसं त्यांच्यावर पाय देत काम करत राहिली. बुंधा आडवा झाला तेव्हा त्यातला एक खाली वाकून पाहायला लागला.

"भाऊ, हे तं भरीव हाय. पोकळ कोनं लिवलं?"

"तू कापाचं काम कर."

बुडखा जमिनीपासून वीतभर उरला. त्यावर मी कुलरची एक जुनी टाकी पालथी घातली. भिंतीकडेला मोहाची पाच रोपं लावली. स्लॅबवर सोलरचे पत्रे बसले, खोलीत एसी बसला. खोलीची पश्चिमेकडची खिडकी मी विटांनी बुजवून टाकली, गारवा बाहेर जाऊ नये म्हणून. ज्या खिडकीतून झाड दिसायचं तीच ती.

ती आली तेव्हा फाटकातच थांबली. डोक्यावर फुलांचं बोचकं होतं.

"मोह कुठी गेला?"

"आतून पोकळ झाला होता. वाऱ्यानं घरावर पडला असता. खरं सांगून राह्यलो."

अंगणात ऊन होतं, इतकं की तिने डोळ्यांवर हात धरला.

"फुलं होती काय त्याले?"

"होती."

"पोकळ झाडाले फुलं येते काय?"

"शेवटची असतील."

तिने बोचकं खाली ठेवलं आणि आत गेली. त्यानंतर झाडाचं नाव काढलं नाही. एसीच्या खोलीत ती झोपायला लागली. तिचा श्वास हलका झाला, तसा मी निर्धास्त झालो. पत्र्यांवर राख आणि कोळशाची धूळ बसायची. ओल्या फडक्याने पुसलं की फडकं काळं व्हायचं. वर्षातून दोनदा पुसा असं तो म्हणाला होता, मी दर तीन दिवसांनी पुसत होतो. तरी मी कोणाला काही बोललो नाही. जिंकलेला सौदा वाईट होता असं तोंडाने कसं म्हणायचं?

यंदाच्या मे महिन्यात एका दुपारी आमच्या रस्त्यावरची विजेची डीपी उडाली आणि लाईन गेली. मी शेडमध्ये होतो. आवाज ऐकला आणि मनात म्हणालो, उडू दे, आपल्याकडे सूर्य आहे. शेजारची बाई कुंपणावरून ओरडली, "भाऊ, तुमचं तं चालू असन ना?" मी ऐटीत म्हणालो, "आपली लाईन वरून येते, बाई." आणि पत्रा कापत राहिलो. किती वेळ, ते मला आठवत नाही.

पाणी प्यायला घरात गेलो तेव्हा एसी बंद होता. डोक्यावर आग ओतणारा सूर्य, गच्चीवर त्याच्याकडे तोंड केलेले पत्रे, आणि आत भिंतीवरच्या सोलरच्या यंत्रात एकही दिवा नाही. पुढे कळलं की ते यंत्र तसंच असतं. बाहेरची लाईन गेली की तेही मुद्दाम बंद होतं, म्हणजे खांबावर चढलेल्या माणसाला आपल्या विजेचा झटका बसू नये. बॅटरी असेल तरच घरात चालतं. हे त्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. त्यालाही ठाऊक होतं.

खोली भट्टी झाली होती. वर उघडा स्लॅब, खिडकी बुजवलेली. ती खाटेच्या कडेला बसून दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून श्वास ओढत होती. हाक मारायलाही तिच्यात हवा नव्हती. मी तिला उचलून अंगणात आणलं आणि तिथे उभा राहिलो. सावली नव्हती. माझ्या स्वतःच्या अंगणात बायकोला टेकवायला मला हातभर सावली सापडली नाही.

टेम्पोपर्यंत जायला ती पालथी टाकी आडवी येत होती. मी लाथ मारली. टाकी गडगडत गेली आणि बुडखा उघडा पडला. लालसर, गुळगुळीत, मधोमध सुईएवढंही भोक नाही. तिने मान वळवून तो पाहिला. श्वास मिळत नसताना तिने तो पाहिला, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क काढला तेव्हा तिचा पहिला शब्द असा होता:

"भरीव होता."

घरी ती आलीच नाही. साळा येऊन तिला गावी घेऊन गेला. तिथे मातीच्या भिंती आहेत, वर कवेलूंचं छप्पर, अंगणात तीन मोह. तिथे तिला श्वास येतो, हे मी पाहिलं आहे. पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की पावसाळ्यात तिला दवाखान्याजवळच ठेवा. गावाच्या अलीकडे नाला आहे. तो चढला की बस बंद, रस्ता बंद. मागच्या पावसाळ्यात त्या गावातल्या एका म्हाताऱ्याला खाटेवर घालून नाल्यापर्यंत आणलं आणि तिथूनच परत नेलं. म्हणजे नाला भरायच्या आत तिला इकडे यायलाच हवं. आज ज्येष्ठ अर्धा सरला आहे.

मी हात बांधून बसलेलो नाही. बुजवलेली खिडकी फोडली, तिच्यावर वाळ्याचा पडदा सोडला. स्लॅबवर चुन्याचे तीन हात दिले. त्याच्यावर बांबूचे विणलेले ताटवे टाकून धानाच्या तणसाचा जाड थर पसरला. शेडवर लोखंडी सांगाडा मीच उभा केला, आठ दिवसांत, आणि पत्रे तिकडे हलवले. बॅटरी आणली. म्हणजे कागदावरच्या ज्या तीन ओळी मी काटल्या होत्या त्या तिन्ही मी आता स्वतः पुऱ्या केल्या. दुपारी भिंतीला हात लावतो, हात ठेवता येतो. पाच रोपांपैकी दोन जगली आहेत. त्यांची पानं रोज धुतो. त्यांची सावली पाहायला मी नसेन, तीही नसेल.

हे सगळं मी गावी जाऊन तिला सांगितलं. ती मोहाखाली बसून टोपल्याचा काठ बांधत होती. साळा बाजूला उभा होता.

"घर थंड केलं. चाल."

"मागच्या बारीबी थंडच केलं होतं."

"आता खरं सांगून राह्यलो."

"पोकळ म्हणलं तवाबी तुमी खरंच सांगून राह्यले होते."

साळा म्हणाला, "बाई, भाऊजी एवढ्या दूरून येते..."

"तू चूप बस. तुह्या भाऊजीले कुलर इकता येते, तसं बोलताबी येते."

मी तिला सोलरवाल्याचं सांगितलं. दिवसा लाईन गेली तरी सूर्य हाय ना, हे त्याचे शब्द सांगितले. तिने टोपलं खाली ठेवलं.

"हे तो म्हणला का तुमी बनवून राह्यले, मले काय समजते? त्याले आना. इथी बसवा. त्यानं काय म्हणलं ते तो सांगन, तुमी काय म्हणलं ते तुमी सांगा. झाड कोनाच्या तोंडून मेलं, ते मले आयकाचं हाय. मंग येईन मी."

आमच्या गावात तंटा असाच मिटतो. दोघांनी समोरासमोर बसायचं, ज्याचं त्याने बोलायचं, दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही. एकट्याचं बोलणं गाव धरत नाही. आणि जो एकदा खोटा ठरला त्याचं एकट्याचं तर अजिबातच नाही. तिने माझ्यावर अन्याय केला असं मी म्हणू शकत नाही. तिने मला गावाचा कायदा लावला.

त्या दिवसापासून मी त्या माणसाच्या मागे आहे. दहा वेळा फोन केला, त्याने उचलला नाही. ऑफिसात गेलो. तिथल्याने फाईल काढून माझ्यासमोर तोच कागद ठेवला. तीन ओळींवर माझ्या पेनाचे फराटे, खाली माझी सही. मी टेबलावर हात आपटला, ओरडलो, त्यांनी मला बाहेर काढलं. शेवटी दुसऱ्याच्या फोनवरून लावला तेव्हा तो सापडला.

"भाऊ, बॅटरी तुमीच काटली. झाड कापा असं मी कवा म्हणलो?"

"नाई म्हणला. तेच येऊन सांग. जे म्हणला तेबी सांग."

"कामात हाय, भाऊ."

तेव्हापासून तो नंबरही लागत नाही.

म्हणून हे तुला लिहितो, सोलरवाल्या. तुझ्या ओळखीचा कोणी तरी हे वाचेल आणि तुला दाखवेल. मला तुझ्याकडून काही परत नको. सौदा मी केला, ओळी मी काटल्या, झाडाला पोकळ मी म्हणालो. माझ्या वाट्याचं मी तिच्यासमोर सगळं बोलणार आहे, एक शब्द कमी न करता. पण गच्चीकडे हात करून तू जे वाक्य बोललास ते माझं नाही, तुझं आहे. ते माझ्या तोंडून ती ऐकणार नाही.

नाला भरायला फार दिवस नाहीत. टेम्पोत डिझेल भरून ठेवलं आहे. तू म्हणशील त्या दिवशी, म्हणशील तिथून तुला घेतो आणि परत आणून सोडतो. आधी कोणी बोलायचं यावर मी भाव करणार नाही. तू म्हणालास तर आधी मी बोलेन. पण ये. त्या मोहाखाली तिच्यासमोर बस आणि सांग: दिवसा लाईन गेल्यावर ते यंत्र बंद पडतं हे तुला ठाऊक होतं की नव्हतं?